न येणाऱ्यांची खाती

सोमवार, २ जून
आजपासून रोजनिशी लिहायची. फक्त कामाची. घरातलं एक अक्षर नाही.

काम असं. आमच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच खाती उघडी पडून आहेत. माणसं सोडून गेली, निवृत्त झाली, पण खातं तसंच. ऑडिटर म्हणाले, हे धोक्याचं आहे, जो येत नाही त्याचं खातं आपोआप बंद व्हायला हवं. बाबांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. आमचा नळ, पाइप आणि फिटिंगचा होलसेल धंदा. बाबा मालक. सॉफ्टवेअर माझ्याकडे. दुकानात बाबांना ‘सर’ म्हणायचं असं मी ठरवलं आहे. अजून जमलेलं नाही.

बाबा म्हणाले, “कोणाचं बंद करू आणि कोणाचं नको, हे विचारायला माझ्याकडे यायचं नाही. मशिनने ठरवायचं. साठ दिवस फिरकला नाही, तो गेला. विषय संपला.”

मी विचारलं, सगळ्यांना हाच नियम? म्हणाले, “सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.” हे बोलताना ते व्हॉल्व्हचा कॅटलॉग वाचत होते. उलटा धरून.

ते कोणाबद्दल बोलत होते ते मला कळलं. पण ते घरातलं. म्हणून लिहीत नाही.

मंगळवार, ३ जून
एकदाच लिहून टाकते. संदर्भ म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात दादाने एका जुन्या प्लंबरला मोठी सवलत दिली. बाबांनी ते बिल गिऱ्हाइकांसमोर फाडलं आणि म्हणाले, “मालक मी आहे. तू इथे नोकर आहेस.” दादाने खिशातलं पेन काढून काउंटरवर ठेवलं, कारण ते दुकानाचं होतं, आणि निघून गेला. आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. म्हणजे नोकरच झाला. फोन उचलत नाही. महिन्यातून एकदा आईला ‘बरा आहे’ एवढा मेसेज येतो. आई तो महिनाभर वाचते.

झालं. या विषयावर हे शेवटचं.

शुक्रवार, ६ जून
नियम तयार. साठ दिवस लॉगिन नाही, की त्या माणसाच्या घरच्या ईमेलवर इशारा. मग आठवडाभर वाट. उत्तर नाही आलं, की खातं बंद. कुठेही कोणाचा हात लागत नाही. कोणी कोणाला काढलं असं होतच नाही. मला हे फार आवडलं.

आज पहिल्या काही खात्यांवर चाचणी घेतली. चाचणीपुरती आठवड्याची वाट शून्यावर ठेवली होती. एक किरकोळ गोष्ट झाली. बाबांचंच खातं बंद झालं. बाबा आयुष्यात कधी सॉफ्टवेअरमध्ये आलेले नाहीत, सगळं छापून मागवतात. नियमाच्या हिशेबाने ते या दुकानात कधी नव्हतेच. त्यांच्या नावाने सकाळी छापला जाणारा रिपोर्ट आला नाही, तेव्हा केबिनमधून आवाज आला, “मला माझ्याच दुकानातून काढलंस?”

काउंटरवर फिटिंगकाका असतात. आमच्या जन्माच्या आधीपासून आहेत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत आहे. ते तिकडून ओरडले, “आता अर्ज करा साहेब, ठेवतायत का बघू!” गिऱ्हाइकंसुद्धा हसली. बाबा नाही हसले. शेवटी त्यांनी खरंच अर्ज भरला, तेव्हा खातं पुन्हा उघडलं आणि साठ दिवस नव्याने सुरू झाले.

चूक माझी नाही. नियम बरोबर चालला, हेच यातून सिद्ध झालं.

सोमवार, ९ जून
पहिली खरी यादी निघाली. दोन निवृत्त सेल्समन, लग्न होऊन गेलेली टायपिस्ट, आणि ‘टेस्ट’ नावाचा एक वापरकर्ता. तो इथे कधी कामाला नव्हता, पण त्याला सगळ्यात जास्त अधिकार होते.

दादाचं नाव नाही.

मला वाटलं, बाबांसारखीच काही गडबड झाली. तपासलं. दादाचं शेवटचं लॉगिन: आज सकाळी.

त्याच्या आधी: परवा. त्याच्या आधी: त्याच्या आदल्या दिवशी. मागे मागे जात राहिले. कामाचा एकही दिवस चुकलेला नाही.

दादा रोज येतो.

यादी छापून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. “सगळे आले ना यात?” मी म्हटलं, जे येत नाहीत ते सगळे आले. बाबा म्हणाले, “बरं.” थोड्या वेळाने स्वतः उठून चहा सांगायला गेले. ते कधी उठत नाहीत, जागेवरून हाक मारतात.

मंगळवार, १० जून
उगाच भावनेच्या भरात निष्कर्ष काढायचा नाही. तांत्रिक तपासणी केली.

शंका एक: लॉगिन दुकानाच्याच नेटवर्कवरून दिसतं. खुलासा: बाहेरून येणाराही आधी दुकानाच्या नेटवर्कमध्ये शिरतो, मगच सॉफ्टवेअर उघडतं. त्यामुळे पत्ता दुकानाचाच दिसणार.

शंका दोन: तो बरोबर शटर उघडल्यावर येतो आणि शटर पडायच्या आत जातो. खुलासा: दादा पहिल्यापासून वेळेचा पक्का.

शंका तीन: रविवारी येत नाही. खुलासा: रविवार आहे.

आत येऊन काय करतो, तेही मला बघता येतं. बघितलं नाही. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, हे आईने आम्हाला शाळेत जायच्या आधी शिकवलं. अॅडमिन झालं म्हणून काय झालं?

शुक्रवार, १३ जून
आईला सांगायचं नव्हतं. सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी अर्धीच राहिली. म्हणाली, “रोज?” मी म्हटलं, रोज. “काय बघतो गं?” मी म्हटलं, दुकान बघत असेल. “जेवतो का वेळेवर?” हे सॉफ्टवेअरला विचारायची पद्धत नाही. पण मग आठवलं, तो दुपारी एक ते दोन आत नसतो. सांगितलं, बरोबर एकला उठतो, दोनला परत बसतो. आई म्हणाली, “म्हणजे सावकाश जेवतो.” आणि ती घडी तिने पुन्हा पहिल्यापासून घातली.

मी तिला बजावलं, त्याला यातलं काही विचारायचं नाही. गुपचूप येतोय. विचारलं की येणं बंद करेल. आई म्हणाली, “मी कशाला विचारू? येऊ दे की त्याला.”

सोमवार, १६ जून
सॉफ्टवेअरमध्ये सूचना पाठवायची सोय आहे. आत येणाऱ्यासमोर चौकट उघडते. ‘वाचलं’ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाली उत्तराची जागा. ही सोय चालते की नाही ते तपासायला हवं होतं. चाचणीसाठी दादाचं खातं निवडलं. सहज.

सूचना: ‘गोदामातला मोठा पंखा दुरुस्त झाला आहे.’

सकाळी ‘वाचलं’ची खूण आली. मी माझ्या केबिनचं दार लावून घेतलं. मोठ्याने हसायला आलं होतं.

बुधवार, १८ जून
सूचना: ‘आईचा गुडघा आता बरा आहे. जिने चढते.’

उत्तर आलं! ‘ओके’.

एका शब्दाचं उत्तर म्हणजे तुटकपणा असं कोणाला वाटेल. पण दादाला ओळखणाऱ्याला कळेल. तो पहिल्यापासून कमी बोलतो. शाळेत निबंधाचे मार्क जायचे त्याचे. त्याच्या ‘ओके’मध्ये बरंच काही असतं.

आईला ‘ओके’ दाखवलं. तिने स्क्रीनला बोट लावलं.

शनिवार, २१ जून
आईने दादाच्या खोलीला रंग काढायचं ठरवलं. बाबा म्हणाले, “आत्ताच काय नडलंय?” आई म्हणाली, “भिंत खराब झालीय.” बाबा म्हणाले, “मग चांगल्या कंपनीचा काढा. परत परत खर्च नको.” वर म्हणाले, नळही बदलून घ्या, नवीन आलाय तो लावा. ज्या नळाची गिऱ्हाइकांना ते किंमत सांगताना घसा खाकरतात, तो.

सूचना: ‘तुझ्या खोलीला रंग देतोय. आकाशी की पांढरा?’ उत्तर: ‘ओके’.

म्हणजे आमच्यावर सोपवलं. आकाशी.

सोमवार, २३ जून
फिटिंगकाका बिलांचा गठ्ठा घेऊन आले. जाता जाता म्हणाले, “आकाशी चांगला दिसतो, पण डाग लगेच दिसतात हो ताई.” आईने बाजारात सांगितलं असणार. आईच्या पोटात काही राहत नाही.

मंगळवार, २४ जून
येत्या रविवारी आईला साठ पूर्ण होतात. आता आडून आडून बोलायची गरज नाही असं मी ठरवलं. मी प्रौढ आहे.

सूचना: ‘रविवारी आईचा साठावा वाढदिवस. तू ये. बाबांचा राग गेला आहे, फक्त त्यांना सांगता येत नाही. दुपारच्या जेवणाला येशील ना?’

दुपारपर्यंत खूण नाही. तीनला ‘वाचलं’. मग उत्तर: ‘ओके’.

येतोय.

नियम कोणासाठी वाकवला नाही, कोणाच्या पाया पडले नाही, आणि घर जुळलं. एवढं साधं होतं. आठ महिने उगाच घालवले सगळ्यांनी.

रविवार, २९ जून, सकाळ
आईने चार ताटं घासून पुसून ठेवली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने विचारलं, “कुठे निघालात?” म्हणाले, “घरी माणसाने नीट राहू नये का?” केक आणायला स्वतः गेले. येताना दोन आणले. म्हणाले, एकातलं क्रीम त्याला... मग थांबले. म्हणाले, “एखादा खराब निघतो.”

रविवार, २९ जून, दुपार
गाडीला उशीर झाला असेल.

रविवार, २९ जून, संध्याकाळ
आई म्हणाली, जेवणाचं म्हणजे रात्रीचंही असू शकतं. मी म्हटलं, मी दुपारचं लिहिलं होतं, पण तसंही असू शकतं.

बाबा गॅलरीत उभे होते. रस्त्यावर रिक्षा थांबली की आत येऊन बसायचे आणि पेपर उघडायचे. रिक्षा गेली की पुन्हा बाहेर.

केक आईने कापला. चौथं ताट उचललं तिनेच. म्हणाली, “सुट्टी नसेल मिळाली. नवीन नोकरी आहे.” बाबांनी शर्ट बदलला.

सोमवार, ३० जून
आला. नेहमीच्या वेळी. जणू काही झालंच नाही.

मला इतका राग आला, की सूचना लिहिली: ‘बाबा गॅलरीत उभे होते.’ एवढीच.

‘वाचलं’. उत्तर: ‘ओके’.

मंगळवार, १ जुलै
शांत डोक्याने विचार केला. माणूस एवढा वाईट असूच शकत नाही. दादा तर नाहीच. सूचना त्याला अर्ध्याच दिसत असतील. किंवा कोणीतरी त्याचं खातं चोरलं असेल आणि खरा दादा बाहेर अडकला असेल. दोन्हीवर उपाय एकच: ओटीपी. उद्यापासून लॉगिन करताना प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइलवर नंबर येईल, तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही. सर्वांसाठी लागू. बाबांनी विचारलं, कशाला? म्हटलं, सुरक्षेसाठी. खोटं नाही.

उद्या जो आत येईल तो दादाच असेल. शंभर टक्के.

बुधवार, २ जुलै
सकाळी दादाच्या खात्यावर प्रयत्न. फसला. पुन्हा. फसला. चार वेळा. तो दाराशी आहे आणि कडी मी लावली आहे असं वाटलं. ओटीपी काढून टाकायला हात गेला, तेवढ्यात केबिनचं दार वाजलं.

फिटिंगकाका. वैतागलेले. “ताई, दादांचं उघडत नाहीये. कसलातरी नंबर मागतंय. खाली गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मी विचारलं, दादांचं म्हणजे?

“दादांचं खातं हो. मोठी सवलत फक्त त्याच्यातूनच देता येते ना. आमच्या खात्यातून पाच टक्क्यांच्या वर जातच नाही. जुनी गिऱ्हाइकं टिकवायची कशी?”

मी विचारलं, पासवर्ड कोणी दिला? म्हणाले, दादांनीच. त्या दिवशी बाहेर पडताना. “म्हणाले, काका, माझं खातं तुम्ही वापरा. मला काय करायचंय आता त्याचं?”

 मग काका मी न विचारताच बोलले. “ते निरोप यायचे... आधी वाटलं कंपनीचं काहीतरी आहे. पंख्याचं होतं ना पहिलं. नंतर कळलं, घरचं आहे. मी वाचत नव्हतो हो ताई. पण समोरच यायचं. दाबल्याशिवाय बिल निघत नव्हतं. रिकामं पाठवलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून ओके टाकायचो.”

मी विचारलं, मग रविवारच्या जेवणाचा निरोप?

“तो आला त्या मंगळवारी मी सुट्टीवर होतो. दुसऱ्या कोणीतरी दाबलं असेल. मी असतो तर ओके टाकलं नसतं. तुमच्याकडे आलो असतो.”

एवढं बोलून ते उभेच राहिले. शेवटी म्हणाले, “गिऱ्हाईक थांबलंय.” मी त्यांना सवलतीचा अधिकार त्यांच्या स्वतःच्या खात्यात दिला. दोन मिनिटांचं काम होतं. ऑक्टोबरातच करता आलं असतं. कोणी सांगितलंच नाही. मी विचारलंच नाही.

एक ते दोन काका जेवतात.

दादाच्या फोनवर सकाळी चार वेळा ओटीपी गेला असेल. ‘हा नंबर कोणालाही सांगू नका’ असं त्यात लिहिलेलं असतं. त्याने कोणालाही सांगितला नाही.

गुरुवार, ३ जुलै
आईने सकाळी विचारलं, “आज आला का?” मी म्हटलं, नेटवर्कचं काम चालू आहे. योग्य वेळी सांगेन. घाई करून कोणाचं भलं झालंय?

दुसऱ्यांनी वापरलेली लॉगिन वगळून नियम पुन्हा चालवला. दादाचं शेवटचं लॉगिन: ऑक्टोबर. यादीत नाव आलं. एकटंच.

नियमात अपवादासाठी एक रकाना आहे, तो माझ्याच हातात आहे. दादाच्या नावापुढे खूण केली असती तर कोणाला कळलं नसतं. केली नाही. आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. उलट ही संधी आहे. आता मेल खऱ्या दादाला, त्याच्या खऱ्या पत्त्यावर जाणार. मेलमध्ये दोन बटणं आहेत. ‘चालू ठेवा’ हे मी हिरवं आणि मोठं केलं. ‘बंद करा’ खाली, छोटं, करड्या रंगात. सगळ्यांसाठी तसंच, दादासाठी वेगळं नाही. माणूस सहसा मोठंच बटण दाबतो. याचा अभ्यास झालेला आहे.

मजकूर नऊ वेळा बदलला. शेवटी पहिलाच ठेवला. ‘आपण बरेच दिवस आला नाहीत. आपले खाते चालू ठेवायचे आहे का?’ भावनिक काही नाही.

दुपारी मेल आपोआप गेला.

शुक्रवार, ४ जुलै
उत्तर आलं. आठवडाही लागला नाही. एक दिवस.

छोटं बटण.

त्याने खाली जाऊन शोधून दाबलं. ‘आपला प्रतिसाद मिळाला, धन्यवाद’ असं मशिनने त्याला लगेच कळवलं. तेही वाक्य माझंच.

बाबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, दादाचं खातं बंद झालं. बाबांनी कॅटलॉग मिटला. “मशिनने केलं ना? तू नाही ना केलंस?”

मी म्हटलं, मशिननेच.

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले. “माणसाने केलं असतं तर वाईट वाटलं असतं.” मग म्हणाले, दार ओढून घे. मी ओढून घेतलं. फिटिंगकाका दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

शनिवार, ५ जुलै
आईला सगळं सांगितलं. काका, ओके, एक ते दोन, सगळं. ती ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली. “म्हणजे त्याला माझा गुडघा माहीतच नाही.”

मग म्हणाली, “बंद झालेलं पुन्हा उघडतं का?”

मी म्हटलं, उघडतं. पण ज्याचं आहे त्याने स्वतः अर्ज करायला हवा. दुसऱ्या कोणाला करता येत नाही. आईला नाही, बाबांना नाही, मलाही नाही. नियम मीच लिहिलाय.

“मग ते त्याला माहीत आहे का? अर्ज करायचा असतो ते?”

मी म्हटलं, हो, मेलच्या अगदी खाली एक ओळ असते.

“वाचली असेल का त्याने?”

ती ओळ मी नंतर पुन्हा उघडून बघितली. अक्षर फारच बारीक आहे. चष्मा न लागणाऱ्या माणसालासुद्धा दिसणार नाही. दोष तिथेच आहे, हे आता स्पष्ट झालं. सोमवारी पहिलं काम: त्या ओळीचा फॉन्ट मोठा करायचा. सगळ्यांसाठीच.